न मिळणाऱ्या पिस्तुलांचे भाव

ज्या देशात पिस्तूल विकत घेता येत नाही, त्या देशात बसून जगभरच्या पिस्तुलांचे भाव तोंडपाठ असलेला माणूस एकच असणार, आणि तो नेमका आमच्या भिंतीला भिंत लावून राहतो. लंडनच्या पिनर उपनगरात घर घेताना आम्ही शाळा बघितली, स्टेशन बघितलं. शेजारी बघायचे राहिले. सकाळी उठून लोक हवामान बघतात, आमचे हे शेजारचे काका अमेरिकेतल्या बंदुकांच्या दुकानांच्या वेबसाइट बघतात आणि कचऱ्याचा बिन बाहेर काढायला आलेल्या मला कुंपणापाशी गाठून सांगतात, "इटालियन पुन्हा वर गेलं रे!" त्यांना घ्यायचं काही नसतं. मला तर मुळीच नसतं.

भाव का वाढतात, हे मात्र त्यांना विचारू नये. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत एकानं विचारलं. काकांनी ताटातला मोदक उचलला. "हा साच्यातला. आणि तो वहिनींनी हातानं कळ्या पाडलेला. दोन्ही एका भावानं विकाल? इटालियन म्हणजे कळ्यांचा मोदक. सगळं स्टील, फिनिशिंग बघत राहावं असं. ऑस्ट्रियन साच्यातलं, अर्धं प्लॅस्टिक. पण तिकडे पोलिसांच्या कमरेला तेच दिसतं ना, म्हणून साच्यातला मोदकही भाव खातो!" पुढे डॉलर, आयात कर, इलेक्शन आली की बंदीच्या भीतीनं दुकानांत उडणारी झुंबड, एवढं सगळं होईपर्यंत आमटी गार झाली, आणि साच्यातले मोदक आणणाऱ्या बाईंनी काकांशी बोलणं टाकलं ते टाकलंच. एकदा लेस्टरला लग्नाला जाताना कोचमध्ये त्यांनी हाच विषय खड्या आवाजात काढला, तेव्हा पुण्याहून नुकताच आलेला एक सॉफ्टवेअरवाला हात जोडून म्हणाला, "काका, प्लीज, थोडं हळू बोला ना. माझा व्हिसा रिन्यू व्हायचाय अजून."

हे वेड त्यांच्या एकट्याचं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. ते जोडीचं होतं. तरुणपणी काका-काकू दर शनिवारी क्लबात जाऊन कागदी टारगेटवर नेम धरत. काकांकडे इटालियन, काकूंकडे ऑस्ट्रियन, आणि नेम काकूंचा जास्त चांगला. मग स्कॉटलंडमधल्या एका शाळेत लहान मुलं मारली गेली आणि कायदा बदलला. दोघांनी आपापलं पिस्तूल पोलीस स्टेशनात नेऊन दिलं. "एवढ्याशा पोरांपुढे आपली हौस ती काय हो," असं काकू म्हणाल्या, आणि त्या कायद्याबद्दल त्यांच्या घरात कधी कुरकुर झाली नाही. राहिलं ते भांडण. माझं भारी का तुझं, महागलं ते कशानं, यावर चहाच्या वेळी त्यांची रोज जुंपायची. काकांनी काहीही कारण सांगावं आणि काकूंनी ते खोडून काढावं. "लोखंडाचं काय घेऊन बसलात? डॉलर बघा आधी!" पातळ भिंतीतून आम्हाला सगळं ऐकू यायचं, आणि खरं सांगतो, आमचा टीव्ही त्या वेळी बंदच असायचा.

आता ती भिंत गप्प असते. काकू केअर होममध्ये आहेत. आजारानं आधी नावं नेली, मग माणसं. काकांना त्या डॉक्टर समजतात. काका दुपारी बसनं जातात, शेजारी बसतात आणि भाव सांगतात. काकूंनी एकदा, फक्त एकदा भांडावं, एवढीच त्यांची इच्छा आहे. त्यासाठी भावात कधी न चुकणारा हा माणूस तिथे जाऊन मुद्दाम चुकीचं बोलतो. "हो, तेवढ्यानं तरी चिडेल रे ती," असं त्यांनीच मला सांगितलं.

गेल्या रविवारी मी त्यांना गाडीनं घेऊन गेलो. काकू खिडकीशी उन्हात बसल्या होत्या. काकांनी खुर्ची ओढली. "अगं, ऐकलंस का? तुझ्या ऑस्ट्रियनचा भाव पडला. मार्केटमध्ये कुणी विचारत नाही. इटालियनच बेस्ट, असं आता सगळे म्हणतात."

इतकं धडधडीत खोटं मलासुद्धा कळलं. काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. हळूहळू कपाळाला आठी पडली. काका पुढे सरकले. मी दाराशी उभा होतो. मग आठी गेली. परक्या म्हाताऱ्याचं मन राखावं तसं त्यांनी काकांच्या हातावर थोपटलं आणि म्हणाल्या, "हो का? तुम्ही म्हणताय तर तसंच असेल."

"थँक यू," काका म्हणाले. हसलेसुद्धा.

गाडीत मात्र त्यांना सीट बेल्ट लावता येईना. मी लावून दिला. माझेही डोळे भरून आले होते, म्हणून गाडी लगेच काढली नाही. मग ते समोर बघत म्हणाले, "सगळं चुकीचं सांगितलं रे मी. सगळं. आणि ती हो म्हणाली."