झरोक्यांची डबी

कारखान्यात तिला सगळे 'केसभर बाई' म्हणायचे. अर्थात पाठीमागे, तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. कुणी काही करून आणलं की ती ते उजेडात धरायची, एक डोळा बारीक करायची आणि म्हणायची, "केसभर जास्त आहे. घासून आणा." तो बिचारा घासून आणायचा. मग, "आता केसभर कमी झालं." माणूस अगदी रडकुंडीला यायचा. पण तिच्या हाताखालून गेलेलं झाकण बरणीवर असं बसायचं, की बरणी उलटी करा, गदागदा हलवा, थेंब बाहेर यायचा नाही.

कारखाना प्लास्टिकच्या घरगुती वस्तूंचा. साबणाच्या डब्या, बरण्या, कपड्यांचे चिमटे. तुम्हाआम्हाला वाटतं, डबी काय, यंत्रातून पडते. पडते की! पण यंत्राला आधी साचा लागतो, आणि साचा करण्याआधी कुणीतरी ती वस्तू लाकडात हुबेहूब घडवून दाखवावी लागते. हे नमुने करायचं काम तिचं. वडिलांनी शिकवलेलं. ते गेले तेव्हा त्यांच्या कानशी, पटाशा आणि डाग पडलेलं टेबल तिच्याकडे आलं, आणि बत्तीस वर्षं ती त्याच टेबलाशी बसत होती. लग्न केलं नाही. का, असं कुणी विचारलंच तर म्हणायची, "माप बसलं नाही," आणि विचारणाऱ्याकडे अशी बघायची, की पुढचा प्रश्न त्याच्या घशातच राहायचा.

घरी मात्र ती नुसती धाकटी. थोरली बहीण शाळेत गणित शिकवायची आणि हेडबाई होऊन निवृत्त झाली. दोघी तीन खोल्यांच्या घरात राहायच्या, भांडायच्या, पुन्हा एकाच भांड्यात चहा करायच्या. दोन वर्षांपूर्वी थोरलीच्या अंगावरून वारं गेलं. डावी बाजू लुळी पडली. उजवा हात शाबूत राहिला, पण सांधेदुखीने त्याच्या बोटांत जोर नव्हता. डोकं आणि जीभ मात्र दोन्ही पूर्वीसारखीच धारदार.

अंथरुणात पडून राहणाऱ्या माणसाच्या खोलीला एक वास येतो. औषधांचा, ओल्या कपड्यांचा, आणि ज्याचं नाव कुणी घेत नाही त्याचा. धाकटी चादरी बदलायची, फरशी पुसायची, खिडकी उघडायची. तरी तो जायचा नाही. सगळा जन्म कडक इस्त्रीच्या साडीत काढलेली थोरली, तिला तो वास मरणाहून जड झाला. सकाळ-संध्याकाळ विचारायची, "वास येतोय ना गं?" धाकटी म्हणायची, "छे, कुठे काय!" थोरली भिंतीकडे तोंड फिरवायची. हळूहळू तिने जुन्या विद्यार्थिनींना येऊ देणं बंद केलं, मग शेजारणींना, मग सगळ्यांनाच. कुणी दार वाजवलं की आतून सांगायची, "झोपलेय म्हणून सांग."

अशात गाण्याच्या बाईंचा फोन आला. थोरलीबरोबर सव्वीस वर्षं एकाच शाळेत काढलेल्या, जिवाभावाच्या. त्या कायमच्या मुलाकडे राहायला निघाल्या होत्या, फार लांब. त्यांना जायच्या आदल्या रविवारी भेटायला यायचं होतं. थोरलीने ऐकलं आणि सरळ सांगितलं, "नाही म्हणावं."

"अगं ताई, पुन्हा कधी भेट होणार?" धाकटी म्हणाली.

"नाही होणार. पण तिने मला अशा खोलीत बघायचं नाही. विषय संपला."

धाकटी त्या दिवशी तशीच कारखान्यात गेली. आणि बघा, त्याच दुपारी मालक तिच्या टेबलाशी आले. "बाई, बाजारात सुगंधी वड्या खूप खपताहेत. पण त्या ठेवायच्या डब्या बघवत नाहीत. आपण एक छान डबी काढू. वास कमी-जास्त करता आला पाहिजे. जमेल?"

"जमेल," ती म्हणाली, मालकांचं बोलणं पुरतं संपायच्या आत. मालक चकितच झाले. एरवी ही बाई दहा शंका काढल्याशिवाय हो म्हणत नसे.

आता एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती या घरादारात कुणालाच ठाऊक नव्हती. धाकटीला वास येतच नव्हता. तीन वर्षांपूर्वी तिला जोराचा ताप आला होता. ताप गेला आणि जाताना नाक घेऊन गेला. दूध करपलं तरी तिला धूर दिसेपर्यंत कळायचं नाही. प्लास्टिक जळायला लागलं की पूर्वी सगळ्यात आधी ती ओरडायची. आता ती इतरांच्या चेहऱ्यांकडे बघायची. कारखान्यात कळलं तर लोक म्हणतील बाई संपली, म्हणून गप्प. आणि घरी ताईला काय सांगायचं? तर अशी ही बाई सुगंधाची डबी करायला बसली. आहे की नाही कमाल!

पण हात आणि डोकं होतं ना. रंगाची पूड तोलायचा एक जुना नाजूक काटा कारखान्यात अडगळीत पडला होता, तो तिने घरी आणला. वडीतला वास उडतो म्हणजे वडी हलकी होते, हे तिने ताडलं. नाक नाही तर नाही, काटा आहे! स्वयंपाकघरात ती सकाळी वडी तोलायची, डबीत ठेवायची, संध्याकाळी परत तोलायची, आणि कॅलेंडरच्या चौकटीत पेन्सिलीने आकडा लिहायची. पहिल्या डबीला तिने वरच्या बाजूला पाकळ्यांसारखे झरोके कोरले. दिसायला देखणी. पण वडी जेमतेम हलकी झाली. मग तिने खालीही कडेकडेने बारीक फटी पाडल्या, म्हणजे हवा खालून शिरेल आणि वरून निघेल. संध्याकाळी काट्याचा आकडा बघून बाई एकटीच हसली.

आकारही तिने दहादा बदलला. बाजारातली एक तयार डबी तिने आधी ताईच्या उशाशी ठेवून पाहिली होती. तासाभरात ताईचं डोकं चढलं. तिने टॉवेल फेकून ती खाली पाडली आणि म्हणाली, "आजारी माणसाच्या खोलीत काय ठेवतात ते असं ओरडून सांगू नकोस." ते धाकटीने मनात पक्कं धरलं. डबी अशी हवी, की बघणाऱ्याला वाटावं, हौसेने ठेवलेली आहे. शेवटी गोल, किंचित फुगीर, दगडी रंगाची डबी झाली. वर एक कडं. कडं फिरवलं की पाच पाकळ्या एकेक करून उघडायच्या, उलटं फिरवलं की मिटायच्या. मालकांनी ती हातात घेतली आणि बराच वेळ परत देईनात. "बाई, तुमच्या हातांचे मुके घ्यावेत!" म्हणाले आणि आपल्याच बोलण्याला लाजले.

त्या रविवारच्या आधीच्या गुरुवारी दुपारी रजा टाकून ती डबी घेऊन घरी आली. उशाजवळच्या स्टुलावर ठेवली आणि म्हणाली, "ताई, फिरव बघू. तुझ्या हाताने. वाटेल तेवढी उघड, डोकं चढलं की मिटव. कुणाला हाक मारायला नको."

थोरलीने उजवा हात लांब केला. बोटं कड्यावर ठेवली. कडं हललं नाही. तिने दात आवळले, पुन्हा जोर केला. बोटं नुसती घसरली आणि डबीच सरकली.

"घट्ट आहे," थोरली म्हणाली.

"घट्ट नाही, नेमकं आहे," धाकटीच्या तोंडून निघून गेलं. "केसभर फट नाही त्यात!"

थोरलीने हात मागे घेतला. "असेल. तुझ्या कामात कधी खोट असते का? मला पाजायचं तू, पुसायचं तू, आणि आता मला वास किती हवा तेही तूच ठरवणार." तिचा आवाज फुटला. हेडबाईचा आवाज फुटलेला धाकटीने जन्मात ऐकला नव्हता.

ती डबी घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. तोंडात मारल्यासारखं झालं होतं तिला. बत्तीस वर्षं लोकांनी जिच्यासाठी वाहवा केली, तीच गोष्ट आज आडवी आली होती. घट्ट बसवणं तिला कुणी शिकवावं लागत नव्हतं. सैल सोडणं मात्र तिला कुणी शिकवलंच नव्हतं. डबी करताना ज्या बोटांसाठी करतोय ती बोटं आपण एकदाही हातात घेऊन पाहिली नाहीत, म्हणून तिने स्वतःला दोन शिव्या हासडल्या, चांगल्या खणखणीत. मग बाहेर जाऊन बहिणीचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "माझं बोट फिरव. जेवढा जोर आहे तेवढा लाव."

शुक्रवारी कारखान्यात तिने कानस उचलली आणि कडं घासलं. हात अडखळत होता. चांगलं काम बिघडवतोय असंच वाटत होतं. एकदा घासलं, पुरेना. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. कड्याला बोटं अडकतील असे उंचवटे दिले, डबीच्या बुडाला रबर लावलं. मालक डोकावले आणि दचकले. "बाई, हे हलतंय! तुमच्या हातचं आणि डगडगतंय?"

"डगडगू दे. जोर नसलेल्या हातांनाही वास आवडतो," ती म्हणाली. मालकांनी मान हलवली, पण साचा त्याच नमुन्यावरून निघाला. पुढे दुकानांत ती डबी जास्त करून म्हाताऱ्या माणसांनी उचलली, आणि मालक ज्याला-त्याला सांगत सुटले, की ही कल्पना त्यांचीच. सांगोत बापडे.

शनिवारी सकाळी डबी पुन्हा उशाशी आली. थोरलीने दोन बोटं लावली आणि कडं फिरलं. एक पाकळी उघडली. दुसरी उघडली. तिने ती मिटवली आणि परत उघडली, मग परत. चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही असं तिने ठरवलं होतं, पण ते तिला जमलं नाही.

"आता सांग," धाकटी वही-पेन्सिल घेऊन बसली, "कितव्या पाकळीला खोली बरी वाटते आणि कितव्याला डोकं चढतं? मला कड्यावर खुणा करायच्यात."

"तूच सांग की. तू इथेच तर बसलीयेस."

धाकटीने पेन्सिल खाली ठेवली. "मला नाही कळत, ताई. मला तीन वर्षं झाली, कसलाच वास येत नाही. तो ताप आला होता ना, तेव्हापासून."

थोरलीने कड्यावरचा हात काढला. मग म्हणाली, "म्हणजे तू रोज मला म्हणायचीस, 'कुठे काय'..."

"मला ठाऊकच नसायचं, येतोय की नाही ते. नाही म्हटलं की तुला बरं वाटेल, असं वाटायचं."

"बरं? अगं, मला वाटायचं ही श्वास कोंडून माझं करतेय! तुझा चेहरा दिसू नये म्हणून मी दोन वर्षं भिंतीकडे तोंड करून पडतेय!" थोरली ओरडली, आणि ओरडता ओरडता तिला हसू फुटलं. हसण्याचं रडणं झालं. धाकटीचंही तेच झालं. डोळे पुसून थोरली म्हणाली, "मूर्ख आहेस तू. पहिल्या नंबरची मूर्ख. लिही. एक पाकळी काही नाही. दोन ठीक. तीन छान. चारला माझं डोकं उठतं." धाकटीने लिहून घेतलं. वही मिटते न मिटते तोच थोरली म्हणाली, "आणि तो फोन दे इकडे."

रविवारी दुपारी गाण्याच्या बाई आल्या. थोरलीने सकाळीच इस्त्रीची साडी नेसून घेतली होती, केस दोनदा विंचरून घेतले होते. दारात पावलं वाजली तशी तिने घाबरून कडं फिरवलं ते थेट शेवटपर्यंत. पाचही पाकळ्या सताड उघड्या. धाकटीने ते पाहिलं. चारलाच हिचं डोकं उठतं, आणि ही पाच!

गाण्याच्या बाई दाराजवळच्या खुर्चीत बसल्या. "किती छान डबी आहे गं!" म्हणाल्या. थोरलीने बहिणीकडे हात केला, "हिने केलीये." मग शाळेच्या गोष्टी निघाल्या, कोण कुठे असतं, कुणाची मुलं केवढी झाली. पण थोरलीचं कपाळ आक्रसत चाललं होतं, डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. धाकटीच्याने बघवेना. ती पुढे झाली, पण थोरलीने तिला नजरेनेच अडवलं आणि आपला हात कड्याकडे नेला. ती तीनवर थांबेल असं धाकटीला वाटलं. थोरलीने कडं सावकाश फिरवलं, तीन, दोन, एक, आणि सगळ्या पाकळ्या मिटवून टाकल्या.

"ताई, अगं..." धाकटी पुटपुटली.

"डोकं दुखतंय. राहू दे बंद," थोरली म्हणाली. "ही काय परकी आहे?"

गाण्याच्या बाईंनी मिटलेल्या डबीकडे पाहिलं. मग उठल्या, पलंगाजवळ आल्या आणि चपला काढत म्हणाल्या, "सरक गं जरा."

थोरलीला आपलं आपण सरकता येत नव्हतं. धाकटीने बहिणीच्या पाठीखाली हात घातला आणि दोघींना पुरेल एवढी जागा करून दिली.