चढ पायी, उतार सायकलने

चष्म्याच्या दुकानात एक यंत्र असतं. त्यावर हनुवटी टेकवायची, कपाळ पट्टीला लावायचं आणि समोरची अक्षरं वाचायची. या अवस्थेत माणसाला मान हलवता येत नाही, उठून जाता येत नाही आणि विषय तर मुळीच बदलता येत नाही. ज्यांना सारं गाव नुसतं चष्मेवाले म्हणतं, त्या गृहस्थांनी डोळे तपासण्याचाच धंदा का निवडला, याचं खरं कारण ते यंत्र आहे, असं शेजारच्या दुकानातले औषधवाले छातीठोकपणे सांगत.

कारण गिऱ्हाइकाची हनुवटी टेकली रे टेकली, की चष्मेवाले खिंडीत शिरत. गावाभोवती डोंगरांचं कडं होतं आणि त्यात तीन खिंडी होत्या. एक उगवतीची, एक मावळतीची आणि सगळ्यांत उंच ती मोठी. भिंगं बदलता बदलता त्यांचं वर्णन सुरू होई. मोठ्या खिंडीचं शेवटचं वळण घेतलं की धुकं कसं पायाशी येऊन लोळतं, खालचं तळं कसं निळंशार दिसतं, आणि आता बरं दिसतंय की आधीचं बरं होतं? गिऱ्हाईक बिचारं हो म्हणे. ते तळ्याला हो म्हणतंय की भिंगाला, हे त्याचं त्यालाही कळत नसे. गावात चष्म्याचे नंबर थोडे इकडेतिकडे झालेले बरेच लोक होते, पण खिंडींची माहिती प्रत्येकाला चोख होती.

दर रविवारी सकाळी चष्मेवाले सायकल घेऊन बाहेर पडत. बाहेर पडत म्हणजे आपण दूध आणायला पडतो तसे नव्हे. तो एक प्रवेश असे. पोपटी जाकीट, अंगाला चिकटलेली आखूड विजार, बोटं उघडी ठेवणारे हातमोजे आणि डोक्यावर कलिंगडाच्या फोडीसारखं हेल्मेट. बायको दार धरून उभी. समोरच्या गॅलरीतले लोक हातात चहाचे कप घेऊन आपापल्या जागी. मग महाराज मांड ठोकत, गरज नसताना दोनदा घंटी वाजवत आणि बेकरीवरून, पेट्रोलपंपावरून, ताठ पाठीने डोंगराच्या रस्त्याला लागत. वळणावर एकदा हात वर. गॅलऱ्या समाधानाने आत जात.

त्या वळणापलीकडे गावातलं शेवटचं घरही दिसेनासं होई. तिथे चष्मेवाले खाली उतरत आणि उरलेला सगळा चढ सायकल हाताने ढकलत नेत.

याला कुणी फसवणूक म्हणेल. चष्मेवाले म्हणत नसत. खिंड ओलांडली होती, हे खरं. सायकल सोबत होती, हेही खरं. वर जाताना पायी आणि खाली येताना सायकलने, म्हणजे एकाच फेरीत दोन्ही प्रकार झाले. लोकांना एक जमत नाही. आपण पायडल मारत चढलो असं त्यांनी सुरुवातीला कधी म्हटलंही नव्हतं. लोकच तसं धरून चालले. त्यांनी फक्त नाही म्हटलं नाही. पुढे पुढे मात्र मांड्या कशा भरून येतात, तिसऱ्या वळणानंतर श्वास कसा तालात घ्यायचा, कुठला गिअर कुठे टाकायचा, अशी बारीकसारीक कलाकुसर आपोआप होत गेली. कलावंताला सत्य तेवढंच पुरत नाही.

अडचण एकच होती. त्या रस्त्याने मधूनच मोटारी जात. मागून आवाज आला की चष्मेवाले पटकन गुडघ्यावर बसत आणि साखळी तपासू लागत. कोणत्याही सायकलच्या साखळीची इतकी तपासणी झाली नसेल. औषधवाल्यांनी एकदा भाबडेपणाने बरोबर यायची इच्छा दाखवली, तेव्हा चष्मेवाल्यांनी त्यांना चढाचं असं भीषण वर्णन ऐकवलं की औषधवाल्यांनी त्याच आठवड्यात बुद्धिबळ शिकायला घेतलं.

बायकोनेही विचारलं होतं. लग्न नवं होतं तेव्हा, सहज, स्वयंपाकघराच्या दारातून. चष्मेवाले तेव्हा म्हणाले होते की चढ फार आहे, तुला झेपणार नाही, उगाच मला जागोजागी थांबावं लागेल. तिने पुन्हा विचारलं नाही. ती इस्पितळाच्या टेलिफोनवर बसे. दिवसभर लोकांचं रडणं-ओरडणं ऐकून त्यांना हव्या त्या खोलीशी जोडून देई, आणि घरी आल्यावर नवऱ्याचं धुकं ऐके. हेही एका अर्थी कामाचाच भाग.

मग ती निवृत्त झाली. इस्पितळातल्या मंडळींनी निरोपाला तिला चालायचे बूट दिले, पांढरे, गुबगुबीत, सशासारखे. ते तिने दोन दिवस घरातच घालून पाहिले, आरशासमोरसुद्धा. आणि शनिवारी जेवताना जाहीर केलं की उद्या ती मोठ्या खिंडीत येणार.

चष्मेवाल्यांचा घास तिथेच थांबला. त्यांनी चढाचा विषय काढला. ती म्हणाली, मी कुठे सायकलवर येतेय, मी बसने वर जाते आणि तुम्ही येईपर्यंत थांबते. त्यांनी वाऱ्याचा विषय काढला. तिने स्वेटर काढला. त्यांनी गुडघ्याला कळ काढून पाहिली, तर तिने मलम काढलं आणि इतकं चोळलं की गुडघा खरोखरच दुखायला लागला. आता उरला होता एकच मार्ग, आणि तो म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा खरोखर सायकल चालवत वर जाणं.

त्यांनी प्रयत्न केला, हे नमूद करायला हवं. पहिलं वळण ते पायडल मारत पार करून गेले. दुसऱ्यापर्यंतही पोहोचले असते, पण मध्ये चढ आला. मग त्यांनी हिशेब केला की बस निघायला अजून अवकाश आहे, तोवर भरभर ढकलत जावं आणि खिंडीच्या तोंडाशी आलं की मांड ठोकून रुबाबात अवतरावं. हिशेब सुरेख होता. फक्त रविवारी बस लवकर सुटते, हे कधी बसने न गेलेल्या माणसाला माहीत नव्हतं.

मागून घरघर ऐकू आली. चष्मेवाले सवयीने गुडघ्यावर बसले. बस शेजारून गेली, थोडी पुढे जाऊन थांबली, आणि दारातून आधी एक पांढरा बूट आणि मग बायको उतरली. तिला वाटलं होतं, नवऱ्याला काही झालं.

साखळी निसटली, ते म्हणाले. तिने वाकून पाहिलं. साखळी आपल्या जागी होती आणि दागिन्यासारखी चमकत होती. आता बसली, ते म्हणाले. मग ती म्हणाली, बस तर गेली, आता तुम्ही व्हा पुढे, मी येते चालत.

चष्मेवाले सायकलकडे पाहत राहिले. सायकलही त्यांच्याकडे पाहत होती. या नव्या नाटकाची संहिता तिलाही मिळाली नव्हती. बायकोला रस्त्यात एकटं कसं सोडायचं, असं उदात्त काहीतरी बोलून त्यांनी वेळ मारून नेली आणि दोघं चालू लागली. बायकोला बरं वाटलं. हा माणूस आपल्यासाठी सायकलवरून उतरला, असं तिला वाटलं. ते तसंच राहिलं असतं तर त्या रविवारचं फार गोड चित्र झालं असतं.

पण पुढच्या वळणावर गटारातले दगड काढणारी रस्त्यावरची कामगारीण उभी होती. तिने फावडं टेकवून तोंडभर हसत दोघांकडे पाहिलं.

"काय काका, आज ढकलायला जोडीनं?"

चष्मेवाले काहीबाही बोलले. कामगारीण मनमिळाऊ होती. तिने बायकोला सांगितलं की काका फार साधे, कधी सायकलवर बसून रुबाब नाही, रविवारी आपले बैल नेल्यासारखे हळूहळू नेतात, जाता जाता दोन शब्द बोलतात. एवढी स्तुती ऐकून माणसाला जमिनीत शिरावंसं वाटलं, अशी उदाहरणं कमी असतील.

दोघं पुढे निघाली. बायको सायकलच्या चाकाकडे पाहत चालली होती. टेलिफोनवर बसणारी बाई गप्प झाली म्हणजे लाइन तुटली असं नसतं.

"नेहमी असेच येता?" तिने विचारलं.

"चढ असतो ना."

"सगळा चढ? चालत?"

"जवळजवळ."

चष्मेवाल्यांनी मनात सगळी तयारी केली. ती हसेल, औषधवाल्यांना सांगेल, गॅलऱ्यांतून हळूहळू सगळीकडे पसरेल. त्यांना आपल्या यंत्रापुढे हनुवटी टेकलेली, पण गालात हसणारी गिऱ्हाइकं दिसू लागली. त्यांनी आयुष्यभर जे जपलं ते गेलं होतं.

ती हसली नाही.

"मग मी आले असते की," ती म्हणाली. "एवढ्या चालीने मी कधीही आले असते. मी रविवारी काय करत होते माहितेय? तुमच्या त्या चड्ड्या पिळत होते."

गिअर, श्वास, मांड्या, यांतलं आता काहीच कामाचं नव्हतं. ती भराभरा पुढे निघाली आणि चष्मेवाले सायकल ढकलत मागे राहिले. त्यांना थांब म्हणायचं होतं. पण जागोजागी थांबावं लागेल, हे वाक्य कुणाचं होतं ते त्यांना आठवलं आणि ते दम खात गुपचूप चढत राहिले.

ते वर पोहोचले तेव्हा ती कठड्याशी उभी होती. त्यांच्याजवळ नेहमीचं वर्णन तयार होतं. ते त्यांनी गिळलं.

"तळं हिरवं आहे," ती त्यांच्याकडे न पाहता म्हणाली.

"हो."

"निळं सांगायचात."

"चुकलं माझं," चष्मेवाले म्हणाले, आणि ते तळ्याबद्दल बोलत नव्हते हे तिला कळलं. तिने स्वेटर काढून त्यांच्या हातात दिला, त्यांच्या डोक्यावरची कलिंगडाची फोड उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवली आणि सायकलचं हँडल धरलं. लहानपणी भावाची सायकल चालवली होती, तेवढं पुरे, ती म्हणाली. चष्मेवाले ब्रेक, वळणं, खडी, पुढचा ब्रेक आधी दाबू नको, असं बरंच काही सांगत सोबत धावले, पण ते फार अंतर धावण्यासारखे नव्हते. पहिल्या वळणावर तिने हात वर केला नाही. दोन्ही हातांनी हँडल घट्ट धरलं होतं.

ते उतार पायी उतरले. तो त्यांनी कधी पायी पाहिलाच नव्हता. गुडघे खरेच दुखत होते.

पेट्रोलपंपाजवळच्या चहाच्या टपरीवर ती बसलेली दिसली. केस विस्कटलेले, कोपर खरचटलेलं, आणि समोर चहावाला, बेकरीवाला आणि बुद्धिबळाचा पट काखेत धरलेले औषधवाले. ती हातवारे करून सांगत होती. तिसऱ्या वळणावर म्हणे रस्त्यात कोल्हा उभा होता, सायकल पाहून हलेना, मग तिने घंटी वाजवली. औषधवाल्यांनी चहाचा कप हातातच धरून ठेवला होता.

तिसऱ्या वळणावर कोल्हा नसतो. चष्मेवाल्यांना ते गावात सर्वांत जास्त माहीत होतं. त्यांनी स्वेटर मांडीवर ठेवला, एक चहा सांगितला आणि कोल्हा केवढा होता ते विचारलं.