वाटीभर पातळ सांबार

यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला आणि घरातलं वाचायचं काम माझ्याकडे आलं.

हे शिंपी. बडनेऱ्याला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मशीन आहे, तिथे बसून यांनी ब्लाऊज आणि शाळेचे गणवेश शिवले, त्यातच मुलीचं लग्न झालं, आमचे केस पिकले. हे दहावी शिकलेले, मी चौथी. लाईटचं बिल, लग्नाची पत्रिका, औषधाची चिठ्ठी, वाचणारे हेच. मला वाचता येतं, पण बोट ठेवून, आणि समोर कोणी असलं तर बोटही अडतं.

त्या वर्षी यांनी एका बाईच्या काळ्या ब्लाऊजला निळ्या दोऱ्याने शिवण घातली. ती बाई काही बोलली नाही. ब्लाऊज घेऊन गेली, पण पुन्हा कापड टाकायला आली नाही. शेजारणीकडून त्याचं कारण कळलं त्या दिवशी मशीन बंद राहिलं. हे खुर्चीवर बसून होते, हात मांडीवर. मी चहा ठेवला तर कप शोधायला हात टेबलावर चाचपडत गेला. मी कप पुढे सरकवला.

अमरावतीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन साधं आहे, पण शुगर फार वाढलेली आहे. ती खाली आल्याशिवाय डोळ्याला हात लावायचा नाही. तीन महिन्यांनी पुन्हा तपासू. शुगरच्या डॉक्टरांनी गोळ्या बदलून दिल्या, रोज चालायला सांगितलं, आणि खाण्यापिण्याचं सांगणाऱ्या मॅडमकडे पाठवलं. मॅडम पुण्याकडच्या, आमच्या मुलीहून लहान. त्यांनी मराठीत छापलेला एक कागद दिला आणि भराभर समजावलं. शेवटी विचारलं, "काकू, समजलं ना सगळं?"

मी मान हलवली. मला मान हलवायची सवयच आहे.

घरी आल्यावर हे म्हणाले, "वाच बरं, काय काय खाऊ नको म्हनते थे पोट्टी."

मी बोट ठेवून वाचलं. सकाळी भाजलेले हरभरे. दुपारी ज्वारीची एक भाकरी, उसळ, काकडी. साखर बंद. तेल दोघांत मिळून दिवसाला चार चमचे. रात्री जेवणाआधी एक वाटी सांबार, पातळ.

"एक वाटी?" यांनी विचारलं.

"वाटीच लिहिली आहे."

"नीट पाह्य."

मी नीट पाहिलं. वाटीच होती.

सांबार काय असतो हे मला कोणी सांगायला नको होतं. भाजीवालीच्या टोपलीत जुड्या बांधून ठेवलेला असतो. वरणावर, पोह्यांवर हिरवागार चिरून टाकतो, चिमूटभर. वाटीभर सांबार खाल्लेला माणूस मी पाहिला नव्हता. पण डॉक्टरकडचा कागद छापील होता, आणि छापलेलं चुकत असेल असं माझ्या मनात आलंच नाही. पातळ लिहिलं होतं म्हणून मी जुडी निवडून, धुवून मिक्सरमधून काढली, पाणी घातलं, थोडं जिरं टाकलं. वाटी हिरवी झाली, तळ्यावर शेवाळ येतं तशी.

हे एका दमात प्यायले. मग म्हणाले, "मले बकरी करून ठेवली तू."

"डोळ्यांसाठी आहे."

"बकरीचे डोये लय चांगले असतेत काय?"

पण रोज प्यायले. एक दिवसही चुकवला नाही. भाजीवाली मला पाहिलं की दोन जुड्या बाजूला काढायची. "काकू, घरी लगन हाय काय वं? रोज रोज एवढा सांबार कोन खाऊन राह्यलं?" मी हसून पिशवी पुढे करायची.

सांबाराचं सोपं होतं. तेलाने मला हादरवलं.

आमच्याकडे रश्श्यावर लाल तेलाचा थर दिसला नाही तर जेवण झालं असं कोणी म्हणत नाही. त्या थराला तर्री म्हणतात. पाहुण्याला वाढताना पळी वरवरच फिरवायची, म्हणजे तर्री त्याच्या ताटात जाईल, हे मला आईने शिकवलं. तेल मी कधी मोजलं नव्हतं. बरणी उचलायची, वाकडी करायची, हाताला पुरे वाटलं की सरळ करायची. पहिल्या दिवशी मनात आलं, आपण रोज किती घालतो ते तरी पाहू. नेहमीसारखीच बरणी वाकडी केली, पण कढईऐवजी वाटीत. मग वाटीतलं चमच्याने काढून बरणीत परत टाकत गेले. अकरा चमचे. एका भाजीचे. वरणाची फोडणी वेगळी.

मी ओट्याला टेकून उभी राहिले. मशीनवर हे कापडावर शिवणीचं अंतर बोटांनी चाचपडून पाहत होते, तो सरसर आवाज येत होता. एवढी वर्षं माझा हात काय करत होता हे मलाच माहीत नव्हतं. मी या माणसाला प्रेमाने वाढत होते. कधी कंटाळून, कधी रागाने, पण उपाशी कधी ठेवलं नाही. आणि तो हात त्याच्या पोटात काय ओतत होता ते कुणी मोजलं नव्हतं. मला रडू नाही आलं. मला भीती वाटली, मोठ्या नदीच्या काठावर उभं राहिल्यावर वाटते तशी. एका बाईच्या हातात एवढं असतं?

त्या दिवसापासून चार चमचे सकाळीच एका छोट्या वाटीत काढून ठेवायला लागले. संध्याकाळी वाटी संपली की तेल संपलं. पहिलं वरण वाटीत पडलं तेव्हा यांनी वाटी हलवून पाहिली. "हे वरण हाय का ताट धुतलेलं पानी?"

"खाऊन तर पाहा."

"पाहूनच तर राह्यलो. दिसत कुठी हाय?"

आम्ही दोघं हसलो.

हळूहळू मला कळायला लागलं की तेल कमी केलं की दुसऱ्या गोष्टी बोलायला लागतात. लसूण ठेचून आधी कोरडा भाजला तर त्याचा वास घरभर फिरतो. जवस तव्यावर तडतडतो, तो कुटून चटणी केली की जिभेवर तेलाची चव तेल नसताना येते. भाजलेल्या तिळाने उसळ दाट होते. हे सगळं माझ्या आईला माहीत होतं. मलाही माहीत होतं, पण तेलाखाली दबून गेलं होतं. आणि ज्वारी! मुलगी शाळेत जायला लागली तेव्हापासून डब्यासाठी पोळ्याच होत होत्या, भाकरी कधीमधी. आता रोज करायला घेतली. पहिल्या आठवड्यात कडा फाटायच्या. मग एक दिवस पीठ मळताना पाणी किती हवं ते हाताने आपोआप सांगितलं, आणि तव्यावर भाकरी टम्म फुगली. मी एकटीच होते. मोठ्याने "माय वो!" म्हणाले. दिवाळीत दिवा पेटल्यासारखं वाटलं.

दोन महिने झाले आणि अकोल्याला जठारपेठेत मुलीकडे नातवाचा वाढदिवस आला. तिच्या सासरी पंगत म्हणजे पंगत. पुऱ्या, तर्रीचा रस्सा, जिलेबी. मुलीच्या सासूबाई, आमच्या ईनबाई, मोठ्या मनाच्या आणि मोठ्या आवाजाच्या. आग्रह करायला स्वतः पातेलं घेऊन फिरत होत्या. यांनी "बस, बस" म्हटलं, पण यांना ताट नीट दिसत नव्हतं, आणि ईनबाईंच्या आग्रहाला "बस" म्हणजे "आणखी" असतं. जिलेबी आली. दोन ताटात पडल्या, तिसरी वर धरलेली.

मी यांच्या शेजारी बसले होते. चारचौघांत मी पाणीसुद्धा मागत नाही. पण माझा हात उठला आणि यांच्या ताटावर आडवा झाला.

सगळे पाहायला लागले. ईनबाई थांबल्या. "काय वं ईनबाई, माह्या हातचं तुमाले चालत नाही काय?"

कानापासून मानेपर्यंत मला आग लागली. तरी तोंडातून निघालं, "चालते. आमाले लय चालते. यायच्या डोळ्यांले नाही चालत."

मग ईनबाईंनी तिसरी जिलेबी माझ्याच ताटात ठेवली. "मग तुमी खा बापा, तुमचे डोये तर धड हायेत!" पंगत हसली. त्यांनी यांच्या ताटातल्या दोन्ही जिलेब्याही उचलून नेल्या आणि जाताजाता मुलीला म्हणाल्या, "तुह्या मायले तोंड हाय वं, मले आजच मालूम झालं."

मलाही.

तीन महिने पूर्ण झाल्यावर आम्ही पुन्हा अमरावतीला गेलो. रक्त दिलं. कागद यायचा होता, तोवर मॅडमकडे बसलो. एक नर्स टेबलावर फाईली लावत होती. मॅडमनी भाकरीचं विचारलं, चालण्याचं विचारलं. मग म्हणाल्या, "आणि सांबार घेतलं ना रोज?"

"हो," मी म्हणाले. "रोज एक जुडी. लहान असली तर दोन."

"जुडी?"

"निवडून, धुवून मिक्सरमधून काढते. पातळ लिहिलं म्हणून पाणी घालते."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "काकू, आणि डाळ कधी घालता?"

"सांबारात डाळ कशाला घालू?"

नर्स फाईलीवरच वाकून हसायला लागली. "मॅडम, आमच्या इकडं सांबार म्हनजे कोथिंबीर वो!"

मॅडम माझ्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी तोंडावर हात ठेवला. "अरे देवा. मी इडलीबरोबरचं म्हणत होते. डाळीचं. आणि काका, तुम्ही तीन महिने वाटीभर कोथिंबीर..."

"म्हनजे," हे सावकाश म्हणाले, "मी फुकटच चरलो?"

त्या दोघी हसत होत्या, हेही हसले. मी नाही हसले. वाचणारी मी होते. यांनी माझ्या बोटावर भरवसा ठेवला होता, आणि मी वाचलेलं बरोबर असूनही चुकलं होतं. तीन महिने गेले, कागदाला जे म्हणायचं होतं ते मी दिलंच नव्हतं. आता शुगर उतरली नसेल. ऑपरेशन होणार नाही. मान हलवण्याऐवजी तेव्हाच एक शब्द विचारला असता तर. मला यांच्याकडे पाहवेना.

तेवढ्यात रक्ताचा कागद आला. मॅडमनी तो वाचला, पुन्हा वाचला, आणि यांना नव्हे, मला म्हणाल्या, "काकू, बरीच उतरली. डॉक्टर आता नाही म्हणणार नाहीत."

"पण सांबार तर..."

"एका डाळीच्या वाटीने अडत नाही. आणि कोथिंबिरीने काही उतरलं असंही समजू नका हं. गोळ्या वेळेवर, चालणं, भाकरी, मोजलेलं तेल, त्याने झालं. आणि ही तपासणी आजच्या जेवणाची नसते. मागच्या दोन-तीन महिन्यांचं सगळं रक्तात लिहून राहतं, ते आम्ही वाचतो."

रक्तात लिहून राहतं. मी ते शब्द मनात परत परत म्हटले. म्हणजे भाजलेला लसूण, फाटक्या कडांच्या भाकऱ्या, सकाळी मोजून ठेवलेली तेलाची वाटी, हे सगळं एका थेंबात होतं. शाळा सुटल्यापासून मी सहीपलीकडे काही लिहिलं नव्हतं, आणि इथे पांढऱ्या कोटातलं कोणीतरी माझा तीन महिन्यांचा स्वयंपाक वाचत होतं. त्याच्या आधीचाही वाचला होता, तो अकरा चमच्यांचा. माणसाच्या अंगात असं काही चालू असतं आणि आपण त्याच्या शेजारी बसून भाजी निवडतो, याचं मला फार नवल वाटलं. अजून वाटतं. कधीकधी यांच्या ताटात वाढताना पळी हातात थांबते.

मॅडमनी माझ्या कागदावर "सांबार"च्या आधी "डाळीचं" असं लिहिलं. मग दुसरा कोरा कागद पुढे ओढून त्यावर काहीतरी टिपलं. मी विचारलं, "ते काय लिहिलं?" मी विचारलं, मीच.

"आता कोणत्याही पेशंटला सांबार सांगताना आधी डाळ म्हणायचं," त्या म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. मी बाहेर बाकावर बसले होते तेव्हा हात जोडायचंही सुचलं नाही. पट्टी निघाल्यावर डॉक्टरांनी भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. यांनी सगळ्यात खालची ओळ वाचली. डॉक्टर म्हणाले, "छान." परत येताना ऑटोत हे बडनेऱ्यापर्यंत दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचत होते, ऑटोवाला मागे वळून पाहत होता तरी.

डॉक्टरांनी सांगितलेले दिवस झाले, डोळ्यावरचा काळा चष्मा निघाला. त्या दिवशी दुपारी मी भाकऱ्या करत होते, तर हे स्टूल घेऊन स्वयंपाकघरात येऊन बसले. कधी येत नाहीत. मी पीठ थापत होते. हे माझ्या हातांकडे पाहत होते.

"काय पाहून राहिले?" मी विचारलं.

"तुह्या हातावर हे डाग कायचे वं?"

"तव्याचे. वाफेचे."

"कधीचे?"

"पहिल्यापासून आहेत."

"पहिल्यापासून?"

यांनी पुढे वाकून माझं मनगट पाहिलं, मग कोपराकडचा भाग, डोळे बारीक करून, कपड्यावरचं काम पाहतात तसं. मला एवढी लाज वाटली की पदर ओढून हात झाकून घ्यावेत. पण दोन्ही हात पिठात होते आणि तव्यावरची भाकरी उलटायची होती. मी ती उलटली आणि यांना पाहू दिलं.