इकबालभाईंचे तळहात

वाईला भाचीच्या लग्नात पंगतीला बसलो होतो, तेवढ्यात फोन आला. इकबालभाईंची मुलगी शबाना म्हणाली, "आप्पाकाका, अब्बा गेले..." त्याला आता महिना होत आला. सांगलीच्या हळद बाजारात ते शेतकऱ्यांचा माल विकून देणारे अडते, मी खरेदीदार. आयुष्यभर भावावरून भांडलो, पण सख्ख्या भावांशी जमलं नाही एवढं माझं या माणसाशी जमलं.

पूर्वी भाव रुमालाखाली ठरायचा, बोटं दाबून. बोटांचं बोलणं चेहऱ्यावर येऊ द्यायचं नाही, हा धंद्यातला पहिला धडा. इकबालभाई त्यात भलतेच पक्के. पुढं उघडे लिलाव आले, पण टपरीवर चहा कोणी पाजायचा ते आम्ही अजून रुमालाखालीच ठरवत होतो.

इकबालभाईंचा मोठ्या आतड्याचा कॅन्सर पसरला, सलाईनमधून दिलेली औषधं लागू पडेनात, तेव्हा डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. म्हणाले, गाठीतल्या पेशींना 'वाढा' असा निरोप सतत पोचत असतो, ही गोळी तो मध्येच अडवते. इकबालभाई खुलले. "म्हंजे आत रुमालाखालीच सौदा चाललाय व्हय! घाला की मग मधी हात."

दर खेपेला डॉक्टर विचारत, "काही त्रास?" हे म्हणत, "कायबी न्हाई." एकदा टपरीवर मी सवयीनं बोटं दाबली आणि हा माणूस चक्क कळवळला. रुमाल काढून बघतो तर तळवे लालभडक, सोललेले... गोळीचाच परिणाम.

"आवं, सांगायचं न्हाई व्हय?" मी भडकलो.

"डॉक्टर गोळी बंद करंल गड्या. शबानाचा निकाह बघायचाय मला."

दंडाला धरूनच त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी गोळी बंद केली नाही. आठवडाभर थांबवून मात्रा कमी केली, मलम दिलं आणि वर चार शब्द सुनावले. पुढं निकाहाला इकबालभाई दारात उभे राहून पाहुण्यांना अत्तर लावत होते. मला तर लय वेळा लावलं.

त्यानंतर काही महिन्यांनी घरी भेटायला गेलो. अंथरुणातून त्यांनी हात पुढं केला. तळवा मऊ, अगदी नितळ. मी हरखलो. "वा! हात बरं झालं की!"

"गोळी थांबवली," ते शांतपणे म्हणाले. "रोग आता तिला दाद दीना."

मी तो हात धरून बसलो. एवढा मऊ हात त्यांचा कधीच नव्हता. तो सोललेलाच राहिला असता, तर किती बरं झालं असतं...