गाण्यांची नावं सापडली

वडील गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात त्यांच्याच आवाजातलं एखादं भीमगीत लावावं, असं आईच्या मनात आलं. निवृत्तीनंतर ते विश्रांतवाडीच्या घरी गाणी म्हणून कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करत.

"रोज खराडीच्या ऑफिसात तू कॉम्प्युटरचंच काम करतेस ना? काढून दे," आई म्हणाली.

त्यांच्या लिनक्सवाल्या कॉम्प्युटरवर मी फाइंड कमांड दिली, नावावरून शोधायला. पडद्यावर गाणी ओळीने उतरली.

"सापडली," मी म्हणाले. आई खुर्ची ओढून जवळ बसली.

पहिलं गाणं लावलं. अशी फाइल नाही, असं उत्तर आलं. दुसऱ्यालाही तेच. मग लक्षात आलं, त्या फाइली नव्हत्याच. सिम्बॉलिक लिंक होत्या, म्हणजे खरं गाणं कुठे ठेवलंय त्याचा नुसता पत्ता. एकच गाणं दोन-तीन फोल्डरांत दिसावं म्हणून वडील तसं करत. फाइंड आपणहून लिंकच्या पलीकडे जात नाही; नाव जुळलं की दाखवून मोकळं होतं. एल हा पर्याय जोडून मी त्याला लिंकमागे पाठवलं आणि फक्त खऱ्या फाइली मागितल्या. काहीच आलं नाही. सगळे पत्ते एका बाहेरच्या डिस्कचे होते.

डिस्क कपाटात मिळाली. जोडली की आत टकटक व्हायची आणि बंद पडायची. दुरुस्तीवाला म्हणाला, "मॅडम, आतली प्लेट खरवडलीये. कुठेही न्या, हेच सांगतील." मी तरी दुसरीकडे नेली. त्यांनीही हेच सांगितलं.

"नावं दिसतात, मग गाणी कशी नाहीत?" आईने विचारलं.

"डिस्क गेली, आई."

"तुमच्या ऑफिसात कुणालाच जमणार नाही?"

"नाही."

ती पुन्हा पडद्याकडे वळली. "मग नावं तरी वाच."

मी वाचत गेले. एखाद्या नावाला ती ओळ गुणगुणायची. मध्येच म्हणाली, "थांब. हे परत वाच."

"हिच्यासाठी, नवी चाल."

"हे कधी म्हटलं त्यांनी? मी नाही ऐकलं."

लिंक केव्हा बनवली ती तारीख मी पाहिली. आजारपणाच्या थोडी आधीची होती. शब्द, चाल, काहीच सांगता येईना.

कार्यक्रमात गाणं लागलं नाही. पाहुण्यांना चहा देता देता आई माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "निदान केवढं होतं ते? लहान की मोठं?"

लिंकवरून तेही कळत नाही, हे मला तिला सांगावं लागलं.