तुळईला लावलेलं एरंडेल

ब्राझील म्हटलं की फुटबॉल, एवढंच माझं ज्ञान. बत्तीस वर्षं मेहकर तालुक्यातल्या शाळांमधून पीटीचा मास्तर म्हणून शिट्टी फुंकली, कितीतरी पोरं मल्लखांबावर चढवली. पण त्या देशाच्या मुली जिम्नॅस्टिक्समध्ये भल्याभल्यांना पाणी पाजतात, हे मला सांगितलं माझ्या अकरा वर्षांच्या नातीनं. तेही कसं, तर मी जेवायला बसलेलो असताना ताटासमोर मोबाईल धरून.

"हटव थे. जेवू दे मले," मी म्हटलं.

"आबाजी, एकच पाहा न. मंग जेवा."

एकच पाहिलं आणि वरण गार झालं. एक ठेंगणीशी मुलगी जाजमाच्या कोपऱ्यातून धावत आली, हवेत दोनदा उलटली आणि अशी उतरली की पायाचा अंगठासुद्धा हलला नाही. वर पुन्हा हसली! मला त्या हसण्याचा रागच आला, खरं सांगतो. आमच्या मैदानावर कसरत करताना जो हसला त्याला मी पाच चकरा मारायला लावायचो. ही पोरगी तर गाण्यावर कंबर हलवत होती, पब्लिक टाळ्या वाजवत होतं आणि बाकावर बसलेल्या तिच्या मैत्रिणी तिच्यापेक्षा जास्त नाचत होत्या. मी म्हटलं, ही काय कसरत झाली? आणि हात धुऊन पुन्हा तोच व्हिडिओ लावायला सांगितला.

मग रोजचंच झालं. शाळेतून आली की दप्तर फेकायची आणि आम्ही दोघं ओट्यावर बसायचो. नावं तिला तोंडपाठ. माझ्या जिभेला ती वळत नसत, म्हणून मी त्या मुलींना खुणेनं ओळखायचो: हसरी, लहानखुरी, गुडघ्यावाली. गुडघ्यावालीचा गुडघा ऑपरेशन करकरून रफू केल्यासारखा झालेला, तरी ती दरवेळी परत यायची. त्या देशात सगळं कौतुक फुटबॉलचं, नात सांगायची. या मुलींच्या आधी खेळून गेलेल्या बायांच्या हाती फारसं काही लागलंच नव्हतं म्हणे, पण त्यांनी वाट पाडून ठेवली. कुणाची आई लोकांच्या घरी कामाला जायची, कुणी दूरदूरून पायी सरावाला यायची. हे सांगताना तिचा आवाज असा चढायचा, जशा काही त्या सगळ्या शेजारच्या गल्लीत राहतात.

एक दिवस म्हणाली, "आबाजी, मले बीम पाहिजे."

बीम म्हणजे ती चार बोटं रुंदीची उंच पट्टी, जिच्यावर या पोरी कोलांट्या मारतात. आमच्या भागात ती कुणाकडे असणार? पण जिल्ह्याच्या संघाची निवड दसऱ्यानंतर बुलढाण्याला होणार होती, आणि शाळेनं तिचं नाव दिलं होतं. वखारीतून सागाची एक लांब तुळई आणली, सुताराकडून रंधून घेतली आणि अंगणात माझ्या मल्लखांबाशेजारी गुडघ्याएवढ्या उंचीवर पक्की बसवली. खाली जुन्या गाद्या टाकल्या. ती रोज दोन तास त्यावर असायची. हात टेकून चक्रासारखं फिरायचं आणि पुन्हा पायांवर उभं राहायचं, हे तिला महिनाभरात जमलं. मी शेजारी खुर्ची टाकून बसायचो. माझा उजवा खांदा जुन्या दुखण्यानं धरलेला, हात पुरता वर जात नाही, त्यामुळे आधार द्यायला मी काही कामाचा नव्हतो. तोंड मात्र चालू.

आता तेलाचं सांगतो. मल्लखांबाला एरंडेल लागतं. लाकूड अंगाला चावू नये, पोर सरसर फिरावं, म्हणून खांबाला तेल चोळायचं आणि वरचं जास्तीचं तेल फडक्यानं पुसून काढायचं. हे मी आयुष्यभर केलं. जिम्नॅस्टिक्सवाल्या पोरी उलट हाताला पांढरी पूड चोळतात. ती कशाला, म्हणून मी नातीला विचारलंही होतं. "हात सटकू नाई म्हणून," ती म्हणाली होती. म्हणजे मला माहीत होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढे बरेच दिवस मी स्वतःला उलटं सांगत होतो, मला कुठं माहीत होतं म्हणून.

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारं-अवजारं पुजतात. सुतार रंधा पुजतो, कास्तकार नांगर पुजतो; मी मल्लखांब, मुद्गल आणि माझी शिट्टी पुजतो. त्या दिवशी आंघोळ करून अंगणात आलो, खांबाला एरंडेल चोळलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. शेजारी तुळई. नातीचं अवजार ते, त्याची पूजा नको? हात तेलाचेच होते. या टोकापासून त्या टोकापर्यंत तुळई चोळून काढली, वरून फडकं मारलं, कुंकू लावलं, माळ गुंडाळली आणि हात जोडले. काय म्हणून हात जोडले सांगू? पोरगी पडू नये म्हणून.

दसऱ्याच्या सकाळी माळ बाजूला करून ती चढली. निवड चार दिवसांवर आली होती. दोन पावलं टाकली, हात टेकले, पाय वर गेले, आणि डावा हात लाकडावरून असा सरकला की मला तो सरकताना दिसला. ती गादीवर नाही पडली. गादीच्या पलीकडे, फरशीवर, त्याच हातावर पडली.

मी धावलो. आणि माझ्या तोंडून जे निघालं ते बत्तीस वर्षं निघत आलेलं वाक्य होतं. मैदानावर कुणीही पडलं की मी हेच ओरडायचो. "लक्ष कुठं होतं तुह्यं?"

ती रडत म्हणाली, "नव्हतं आबाजी. चुकलं माह्यं."

तिला उचलायला गेलो तेव्हा तिच्या तळव्याला तेलाचा वास आला. कालचं एरंडेल. पण मी बोललो नाही. मुलगा तिला गाडीवरून दवाखान्यात घेऊन गेला, सून मागं बसली, आणि घरात कुणी नाही असं पाहून मी लाकडाचा भुसा आणि धुण्याचा सोडा घेतला व तुळई घासून घासून कोरडी केली. आधी फडक्यानं नीट पुसायला मला वेळ मिळाला नव्हता. आता मात्र तासभर मिळाला.

मनगट मोडलं होतं. प्लास्टर बसलं, निवड गेली. सून म्हणाली, "असू द्या मामंजी, पोरीच्या जातीले कायले पाहिजे हे." मी त्यावरही गप्प. एरवी असं कुणी बोललं असतं तर मी घर डोक्यावर घेतलं असतं.

प्लास्टर निघालं. डॉक्टर म्हणाले, आता खेळू दे. पण पोरगी तुळईकडे फिरकेना. अंगणातून जातानाही लांबून जायची. सुनेनं तुळईवर मुगवड्यांची ताटं वाळत घालायला सुरुवात केली आणि नातीनं हूं का चूं केलं नाही. मी दोनदा म्हटलं, "चढ वं एखाद्यावेळी." ती म्हणायची, "माह्यं लक्ष राहत नाई आबाजी. मी पुन्हा पडन." इतकं साधं म्हणायची, जसं काही कुणी आपलं नाव सांगावं. ते ऐकलं की मी उठून बाहेर जायचो.

व्हिडिओ मात्र ती पाहायचीच. फक्त आता उड्या पाहत नव्हती. पडलेलं पाहत होती. ब्राझीलवाल्या कुठे कुठे पडल्या ते शोधून काढायची. बीमवरून पडलं की पंच काही सेकंद देतात, तेवढ्यात पुन्हा चढायचं, राहिलेलं पुरं करायचं आणि शेवटी दोन्ही हात वर करून पंचांकडे पाहायचं. कितीही वाईट झालं असलं तरी हात वर झालेच पाहिजेत. ती ते हात वर केलेलं पुन्हा पुन्हा पाहायची.

संक्रांतीनंतरचा एक रविवार होता. दुपारी ओट्यावर बसलो होतो. तिनं मला त्याच देशाचा एक गडी दाखवला. जाजमावरच्या कसरतीत नावाजलेला. पण मोठ्या स्पर्धेत ऐन वेळी पडला.

"पुढच्या मोठ्या स्पर्धेतही पडला," ती म्हणाली.

"मंग?"

"मंग काय, पुन्हा आला. तिसऱ्या खेपेले मेडल घेतलं."  मग म्हणाली, "याचंही माह्यासारखंच लक्ष राहत नसन."

 अरे, तो माणूस कुठला, ही पोरगी कुठली, आणि माझं एक वाक्य तिनं त्याच्याही गळ्यात अडकवलं!

"तुळईले तेल मी लावलं होतं," मी म्हटलं.

"कोणतं तेल?"

"एरंडेल. खंडेनवमीले, पूजेच्या वक्ती. नीट पुसलं नाई. तू तेलानं पडली. तुह्यं लक्ष बरोबर होतं."

मला वाटलं आता ओरडेल, रडेल. तिनं मोबाईल खाली ठेवला.

"म्हंजे मी नीट करून राह्यली होती?"

"नीट."

"माहा हात बरोबर जागी पडला होता?"

"अगदी बरोबर जागी. मी पाह्यला न."

तिचा चेहरा उजळला. खरंच उजळला, माझ्या समोर. क्षणभर वाटलं, सुटलो. मग तिच्या ध्यानात पुढचं आलं.

"मंग तुम्ही मले काऊन म्हटलं, लक्ष कुठं होतं? इतके दिवस काऊन नाई सांगतलं?"

"भेलो होतो वं," मी म्हटलं. 

ती उठून आत गेली. संध्याकाळी सुनेनं चहाचा कप माझ्यापुढे असा आदळला की बशीत अर्धा सांडला. म्हणजे घरात कळलं होतं. नातीनं चार दिवस माझ्याशी अवाक्षर काढलं नाही. पाण्याचा तांब्यासुद्धा आईच्या हाती पाठवायची. मी कुणाला दोष देऊ? चूक हातानं झाली होती, पण तीन महिने गप्प बसलो ते काही हाताची सवय म्हणून नाही. पडलेलं पोर उचलताना आधी त्याची चूक विचारायची, ही माझी मास्तरकी. किती पोरं माझ्यामुळे आपलं लक्ष नसतं असं समजत मोठी झाली असतील, हा विचार त्या चार दिवसांत मला काही सोडेना.

पाचव्या सकाळी अंगणातून खरखर ऐकू आली. वड्यांची ताटं खाली उतरवलेली, आणि ती पॉलिशपेपरनं तुळई घासत होती. मी जवळ गेलो. तिनं एक तुकडा माझ्या हातात दिला. तिनं एका टोकाकडून घासलं, मी दुसऱ्या टोकाकडून. घासून झाल्यावर ती वाकली आणि लाकडाला नाक लावून वास घेत घेत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली.  तो तिचा हक्कच होता.

मग गाद्या नीट केल्या आणि चढली. दोन पावलं. हात टेकले, फिरली, हात पक्के बसले. पाय मात्र चुकला आणि ती धप्पकन गादीवर पडली. माझ्या जिभेवर ते वाक्य आलंच. दात आवळून गिळलं.

ती उठली, चढली, राहिलेलं पुरं केलं. खाली उडी मारून माझ्याकडे तोंड करून उभी राहिली आणि दोन्ही हात वर केले.

"आता तुम्ही," ती म्हणाली.

"मी काऊन?"

"तुम्ही बी पडले न, आबाजी."

मी हातातला पॉलिशपेपर खाली ठेवला. डावा हात वर केला. उजवा खांद्याशीच अडला. ती जवळ आली, माझ्या उजव्या कोपराखाली आपला डावा हात घातला आणि हळूहळू माझा हात वर उचलला. ज्याचं मनगट मोडलं होतं, तोच तिचा हात.