हलत नव्हता, तरी

सगळं हॉस्पिटल तिला रेघाताई म्हणायचं. बावीस वर्षं तिनं माणसांच्या डोक्याला तारा चिकटवल्या होत्या आणि पडद्यावर सरकणाऱ्या त्यांच्या मेंदूच्या लहरी पाहिल्या होत्या. बघता बघता तिची तंद्री लागे. घरीही भाजी चिरताना हात थबकला की नवरा हसायचा, "गेल्या बाईसाहेब लहरींवर!"

त्या दुपारी कोपऱ्यातल्या खाटेवर पन्नाशीचा घड्याळजी होता. सकाळी दुकानातच त्याला फिट आली, ती पाऊण तास थांबेना. औषधांनी झटके थांबले, पण शुद्ध काही आली नव्हती. उशाशी थोरली बहीण बसलेली.

"हळू हं ताई," ती कुजबुजली. "किती गाढ झोपलाय. लहानपणी अस्साच झोपायचा, तोंड उघडं टाकून."

खिडकीतून पांढुरकं ऊन चादरीवर सांडलं होतं. पडद्यावर संथ, रुंद लहरी एकामागून एक येत होत्या. रेघाताईला वाटलं, आपण कुठल्याशा तळ्याकाठी बसलोय. मग मेंदूच्या डाव्या बाजूच्या रेघांवर टोकं उगवू लागली. एकसारखी, ठेक्यात. तिची तंद्री मोडली. झोपेच्या लहरी अशा शिस्तीत चालत नाहीत. त्या रेंगाळतात, भरकटतात.

ती वाकली. घड्याळजीच्या ओठाचा उजवा कोपरा अगदी बारीक, त्याच ठेक्यात उडत होता.

"अक्का, ही झोप नव्हे. फिट आत अजून चालूच आहे."

"अहो, पण तो हलतसुद्धा नाहीये!"

तोवर तिनं फोन उचलला होता. डॉक्टरीणबाई धावत आल्या, पडद्याकडे बघून म्हणाल्या, "बरं झालं लगेच बोलावलंत," आणि शिरेतून दुसरं औषध सुरू केलं. रेघाताईची ड्यूटी संपली, तरी तिचा पाय निघेना. हळूहळू टोकं बोथट झाली, विरळ झाली, विरघळली. अक्कानं तिचा हात घट्ट धरून ठेवला होता. दोघी त्या रेघा बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं डोळे उघडले. शब्द पटकन सापडत नव्हते. डोक्याला हात लावत म्हणाला, "हे... चिकट... काय?"

"गप पड!" अक्का रडत रडत ओरडली. "जीव टांगणीला लावलास आणि वर चौकशा!"

रेघाताईनं कोमट पाण्यात कापूस भिजवला आणि हलक्या हातानं एकेक तार सोडवायला घेतली.